कॉलरचं बटण

वैमानिक व्हायचं ठरवलेल्या माणसाने शाळा कशी निवडावी, हे सांगू शकेल असं हुपरीत कुणी नव्हतं. त्यामुळे सगळ्यांनीच सांगितलं. किराणावाल्याने सांगितलं, हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी सांगितलं, आणि शेजारच्या सुरेखावहिनीने तर विषयच मिटवून टाकला.

"तेहतिशीत बायका स्कूटर शिकायची सोडून देत्यात, आन् तू इमान शिकतीस व्हय?"

रेवती माळगे अकरा वर्षं भूगोल शिकवत होती. पुंजमेघ, स्तरमेघ, तंतुमेघ. फळ्यावर ढग काढून काढून तिला त्यांचा वीट आला होता, कारण ते सगळे खालून पाहिलेले होते. त्यात गेल्या चार वर्षांत विजेवर उडणारी एकोणीस आसनी विमानं तालुक्यातालुक्याला उतरायला लागली होती. विमानं भराभर तयार होत होती, वैमानिक होत नव्हते. म्हणून कंपन्यांनी दुसऱ्या पेशातून येणाऱ्यांसाठी दार किलकिलं केलं होतं. अट एकच: पस्तिशी पूर्ण व्हायच्या आत परवाना हातात पाहिजे. रेवतीकडे एकवीस महिने होते.

आणि घरी आप्पा होते.

तिचे वडील, शांतिनाथ माळगे, वय एकाहत्तर, चांदीच्या पैंजणांचे कारागीर. जन्मापासून बहिरे. कोल्हापुरात त्या काळीही मूकबधिरांची शाळा होती, पण आजोबांना ती ठाऊक नव्हती, आणि ठाऊक असती तरी भट्टीवरचा एक हात कमी झाला असता. तेव्हा आप्पा अक्षर शिकले नाहीत. हुपरीबाहेरच्या बहिऱ्यांची रीतसर खुणांची भाषाही शिकले नाहीत. लग्न झाल्यावर त्यांच्यात आणि बायकोत हातांची एक बोली तयार झाली, आणि रेवती ती पाळण्यातच शिकली. तोंडाने पहिला शब्द ती दोन वर्षांची झाल्यावर बोलली. हातांनी नवव्या महिन्यातच दूध मागत होती.

तिचं नाव आप्पांनी स्वतः ठेवलं होतं, म्हणजे त्यांच्या बोलीतलं. तान्ही असताना ती रडते आहे की नुसतंच तोंड वासते आहे हे कळायला ते तिच्या गळ्यावर दोन बोटं टेकवायचे. गळा थरथरला म्हणजे पोर रडते आहे. गळ्यावर दोन बोटं, हेच नाव झालं. वापरून वापरून ते झिजलं, आणि आता कॉलरपाशी दोन बोटांची हलकी टिचकी एवढंच उरलं होतं. परक्याला वाटावं, माणूस बटण चाचपतो आहे. ही हकीकत रेवतीला कुणी सांगितली नव्हती. आपलं नाव असंच का, हे कोण विचारत बसतं?

आई पाच वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून ती बोली जगात दोघांनाच येत होती. सुरेखावहिनी, रेवतीच्या चुलतभावाची बायको, पंधरा वर्षं शेजारी राहून आप्पांना डबा देत होती. तिला तीन खुणा येत होत्या. जेवा, थांबा, जा. बाकी दुनियेशी आप्पांचं भागायचं ते या तिन्हींवर.

*

पहिली शाळा वाशीमजवळच्या माळावर होती. आप्पा हट्टाने बरोबर आले. शाळा चालवणाऱ्या कॅप्टन निंबाळकरबाई सत्तरीला टेकल्या होत्या आणि लाघवीपणाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

"विमानं किती आहेत?" रेवतीने प्रश्नांची यादी करून नेली होती.

"कागदावर नऊ. उडतात चार. आज तीन."

"वीस महिन्यांत होईल?"

"पाऊस वेळेवर गेला, परीक्षा वेळेवर झाल्या आणि तुम्ही आजारी पडला नाहीत, तर होईल. नाही तर नाही. खोटं सांगून मला काय मिळणार आहे?"

हँगरपाशी एका जुन्या विमानाचं इंजिन तापवत ठेवलं होतं. आप्पांनी त्याच्या अंगावर दोन्ही तळहात ठेवले, डोळे मिटले आणि हसायला लागले. मग रेवतीकडे वळून भराभर काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतायत?" बाईंनी विचारलं.

"आमच्या भट्टीचा भातासुद्धा असाच धापा टाकतो म्हणतायत."

बाई पहिल्यांदा हसल्या. विमानाला काय म्हणता, असं त्यांनी थेट आप्पांनाच हातवारे करून विचारलं. आप्पांनी डाव्या मनगटावरून उजवा तळहात सोडून दाखवला. बाईंनी तो चुकीचा केला, आणि आप्पांनी नवख्या कारागिराचं मनगट धरावं तसं त्यांचं मनगट धरून नीट करवून घेतला.

"हे तुम्हाला लहानपणापासून येतं?" बाईंनी रेवतीला विचारलं.

"येतं म्हणजे... घरात हेच बोलतो आम्ही."

"मग तुमचे हात कामाचे आहेत. वेळ लागेल, पण शिकतील."

परतीच्या बसमध्ये रेवतीने हिशोब केला, तो महिन्यांचा नव्हता. वीस महिने ती वाशीमला राहणार. वीस महिने आप्पा कुणाशी बोलणार? व्हिडिओवर रोज दहा मिनिटं बोलणं होईल, मान्य. पण उरलेल्या दिवसभर तो माणूस जेवा-थांबा-जा यावर काढणार. या वयात.

म्हणून तिने दुसरी शाळा पाहायचं ठरवलं. पुढे जे झालं त्यात तिची हाव होती असं म्हणणारे बरेच निघाले. हाव नव्हती. आप्पांना एकटं ठेवायचं नाही, एवढंच कारण होतं, आणि तेच सगळ्यात वाईट आहे.

*

नभांगण अकादमी पुण्याच्या बाहेर होती, काचेची आणि गारेगार. स्वागतकक्षात कॉफी मिळाली. आप्पांनी चहूकडे पाहून विचारलं, विमानं कुठे आहेत? रेवतीने हातांनीच सांगितलं, इथे ती डोक्यात असतात. आप्पा खदखदून हसले. काउंटरमागची मुलगी दोघांकडे कौतुकाने पाहत म्हणाली, "किती गोड बोलता हो तुम्ही!"

तिथले मेंदूतज्ज्ञ डॉक्टर हर्डीकर चाळिशीचे, मृदू बोलणारे गृहस्थ होते. त्यांना समजावून सांगायची हौस होती.

"तुम्ही सायकल आठवत नाही, चालवता. बरोबर? सराव केला की मेंदूत, मुख्यतः लहान मेंदूत आणि हालचालींच्या पट्ट्यात, पेशींच्या जोडण्यांचा एक ठसा तयार होतो. बारा हजार तास उडलेल्या वैमानिकाच्या मेंदूतला तो ठसा आम्ही वाचतो. मग तुम्हाला एक औषध देतो, त्याने जोडण्या काही तास सैल पडतात. कवटीबाहेरून ध्वनिलहरी एकेका बिंदूवर नेमक्या सोडून आम्ही तोच ठसा तुमच्यात उमटवतो. सात आठवडे. त्यातले शेवटचे चार खऱ्या विमानात."

"मग सगळेच का करत नाहीत?"

"कारण जागा लागते. लहान मुलाच्या मेंदूत मोकळी जमीन असते. तिशीनंतर सगळं बांधून झालेलं असतं. नवीन घर हवं तर जुनं एखादं पाडायचं. म्हणून आम्ही तुमच्याकडून एक कौशल्य मागून घेतो, भरपूर वर्षं मुरलेलं, दोन्ही हातांचं. ते गेलं की पूर्ण जातं. तबलजीचा तबला काढला तर त्याला वाजवता येत नाही एवढंच नाही, दुसरा वाजवत असला तरी बोल ओळखता येत नाहीत. करणं आणि ओळखणं एकाच ठशात असतं. आणि त्या जागेवर पुन्हा लिहिता येत नाही. एकदाच."

रेवतीने विचारलं, "बोलण्याबिलण्यावर काही परिणाम?"

"छे, छे! वाचा वेगळ्या भागात. तिकडे आम्ही फिरकतसुद्धा नाही."

काचेपलीकडे आप्पा तिची वाट पाहत बसले होते. झालं का, असं त्यांनी दुरूनच विचारलं. झालंच, असं तिने मांडीवरच्या हाताने सांगितलं. डॉक्टर तेव्हा पडद्यावर मेंदूचं चित्र उघडत होते.

काय द्यायचं याचा तिला फार विचार करावा लागला नाही. ती बारा वर्षं पेटी वाजवत होती, शाळेच्या प्रार्थनेला आणि देवळातल्या भजनाला. जीव होता तिचा पेटीवर. पण आप्पांना पेटी ऐकू येत नव्हती, म्हणजे घरात कुणाचं काही जाणार नव्हतं.

*

फॉर्म तिने घरी भरला, पडवीत आप्पांच्या शेजारी बसून. 'हातांनी येणारी सर्व कौशल्ये लिहावीत. यादीतील प्रत्येक कौशल्याची मेंदूतील जागा तपासून राखून ठेवली जाईल. यादीत नसलेल्या कौशल्यांची जबाबदारी संस्थेवर राहणार नाही.'

तिने मन लावून लिहिलं. पेटी, द्यायची. पोहणं. स्कूटर. टायपिंग. रांगोळी. न बघता फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा. चपात्या. पैंजणाला घुंगरू जोडणं, थोडं थोडं.

काय लिहितेस एवढं, आप्पांनी विचारलं.

हातांना काय काय येतं ते, तिने डाव्या हाताने उत्तर दिलं, कारण उजव्यात पेन होतं.

आळस पण येतो, तो लिही, आप्पा म्हणाले.

ती हसली, डाव्या हातानेच त्यांना एक अर्वाच्य उत्तर दिलं, आणि सही केली. डावा हात त्या घटकेला काय करत होता, ते उजव्या हाताने लिहावं असं तिच्या मनातही आलं नाही. माणूस मराठी बोलतो म्हणून कुणी ती कौशल्यांच्या रकान्यात लिहितं का?

मेंदूची तपासणी झाल्यावर आठवड्याने हर्डीकरांचा फोन आला.

"मॅडम, एक शंका. पेटी बारा वर्षं म्हणालात, पण यंत्रात तिचा ठसा अगदी चिमुकला दिसतोय. मात्र त्याला लागूनच केवढा तरी मोठा, दाट ठसा आहे. दोन्ही हात, खांदे, शिवाय चेहऱ्याचे स्नायू. असा मी आजवर पाहिला नाही. तुम्ही पेटी वाजवताना गाताबिता का?"

"हो तर. गातेच."

"हावभावासकट?"

"आमच्या देवळात मला त्याच्यावरूनच चिडवतात."

"मग झालं, उलगडलं," हर्डीकर खूश होऊन म्हणाले. "तोही पेटीचाच भाग. जागा उत्तम आहे हो. वैमानिक ऐसपैस बसेल!"

निघायच्या दिवशी तिने आप्पांना नियम समजावले. सात आठवडे व्हिडिओ नाही. जुन्या हालचाली डोळ्यांसमोर आल्या तर नवा ठसा नीट बसत नाही. वहिनीशी फोनवर बोलून ती ख्यालीखुशाली घेईल. आप्पांनी बोटांवर सात आठवडे मोजले आणि मान डोलावली. मग म्हणाले, ढगांच्या वरून काय दिसतं ते येऊन सांगायचं. आधी मला. वहिनीला नंतर.

तिने गळ्याची शपथ घेतली.

*

प्रक्रियेचं तिला काही आठवत नव्हतं. मग तीन आठवडे हातांत मऊ मोजे, आणि चौथ्यात विमान.

ते मात्र तिला जन्मभर आठवणार होतं. तिने दांडा धरला आणि हातांना सगळं ठाऊक होतं. आडवा वारा आला, तिला कळायच्या आत उजवं मनगट वळलं, पाय दाबला गेला, नाक सरळ झालं. शेजारी बसलेला शिक्षक नुसता बसून राहिला. पाचव्या दिवशी ती एकटी उडाली. ढगांचा थर फोडून वर आली आणि तिला रडू फुटलं. तिने अकरा वर्षं फळ्यावर काढलेले पुंजमेघ पायाखाली होते, आणि वरून ते फळ्यासारखे दिसतच नव्हते. लांबपर्यंत पांढरं माळरान, त्यावर त्यांच्याच सावल्या, आणि मधोमध तिच्या विमानाची इवलीशी सावली, भोवती इंद्रधनुष्याचं कडं घेऊन पळणारी.

हे आप्पांना सांगायचं, असं तिला आतून उसळून आलं. हात दांड्यावर होते. मोकळे असते तर तिथेच कळलं असतं.

परवाना मिळाल्यावर अकादमीत निरोपाचा कार्यक्रम झाला. कोपऱ्यात एक पेटी होती. आता येत नाही तर निदान सूर तरी दाबून बघू, म्हणून रेवतीने भाता हलवला आणि अख्खी प्रार्थना एका दमात वाजवली. बोटं कुठेही अडली नाहीत. ती थक्क झाली, मग तिला हसू आवरेना. घेतलीच नाही की यांनी! डॉक्टरांना सांगितलं तर चूक दुरुस्त करायला बसतील, म्हणून ती गुपचूप उठली.

आपण द्यायला गेलो ते घेतलंच नाही म्हटल्यावर माणसाने विचारावं, की मग घेतलं काय? ती घरी जायच्या आनंदात होती. तिने नाही विचारलं.

*

रेवती दुपारी हुपरीत पोहोचली, गणवेशातच. आप्पांना खांद्यावरच्या पट्ट्या दाखवायच्या होत्या. गल्लीतली माणसं पायऱ्यांवर येऊन उभी राहिली. आप्पा दारात होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आणि त्यांचा चेहरा फुलून आला होता. त्यांनी कॉलरपाशी दोन बोटांनी टिचकी मारली. पुन्हा मारली. मग पुन्हा, डोळे भरून येऊन.

रेवतीला वाटलं, वरचं बटण सुटलं असेल. ती पुढे झाली, त्यांना मिठी मारली, आणि प्रेमाने ते बटण लावून दिलं.

आप्पा हसले. पोरगी मस्करी करते आहे. त्यांनी डाव्या मनगटावरून उजवा तळहात सोडला, भुवया उंचावल्या, आणि दोन्ही हात बोलायला लागले.

रेवती पाहत राहिली. हात वर जात होते, खाली येत होते, बोटं उघडत होती, मिटत होती. ते काहीतरी विचारत आहेत एवढं चेहऱ्यावरून दिसत होतं. काय, ते दिसत नव्हतं. तिने उत्तर द्यायला स्वतःचे हात उचलले. ते छातीपर्यंत आले आणि थांबले. डावा पुढे सरकून मुठीत वळला, उजव्याने हवेत दांडा धरला. दुसरं काही त्यांना येत नव्हतं.

तिला पेटी आठवली, फोन आठवला, तो मोठा, दाट, चेहऱ्यासकटचा ठसा आठवला. एका क्षणात सगळं समजलं, आणि समजलेलं सांगायचं कसं? जे झालं ते आप्पांना सांगायला एकच भाषा होती, आणि तीच गेली होती.

"आप्पा," ती तोंडाने म्हणाली. बहिऱ्या माणसाला. आयुष्यात पहिल्यांदा.

आप्पांचे हात सावकाश झाले. पोराशी बोलावं तसे एकेक खूण सुटी करून ते बोलले. मग थांबले. त्यांनी तिच्या खांद्यावरच्या पट्ट्या पाहिल्या, पायऱ्यांवर उभी असलेली गल्ली पाहिली, आणि पुन्हा तिच्या तोंडाकडे पाहिलं. हे त्यांनी आधी एकदा पाहिलं होतं. धाकट्या भावाच्या लग्नात, सासरच्या बड्या मंडळींसमोर, भावाने असंच केलं होतं. लहानपणापासूनच्या खुणा समजत असूनही, तुझं काही कळत नाही, असा चेहरा करून उभा राहिला होता.

आप्पांनी दोन्ही हात खिशात घातले आणि आत गेले.

"आगं, चेष्टा करतीस काय म्हाताऱ्याची?" वहिनी पायरीवरून ओरडली. "बोल की त्यांच्याशी!"

*

रेवती आठ दिवस त्यांच्यापुढे बसली. भांडं दाखवून, पाणी दाखवून, हात जोडून, पहिल्यापासून शिकवा म्हणून विनवलं. आप्पा खिशातून हात काढायचे ते तीन खुणांपुरते. जेव. थांब. जा. वहिनीला, वाण्याला, टपालवाल्याला करत त्याच. नवव्या दिवसापासून त्यांनी भट्टी पेटवणं बंद केलं. महिन्याभरात शर्ट अंगावर लोंबायला लागला.

हर्डीकर व्हिडिओवर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर रेवतीला निदान ओरडता आलं असतं.

"रीतसर खुणांची भाषा येणाऱ्यांमध्ये ती वाचेच्या भागात सापडते, तो आम्ही राखतोच. तुमची कुठल्या शाळेतली नव्हती. ती हातांतच वाढली होती. आणि यादीत तुम्ही..."

"माहीत आहे मला मी यादीत काय लिहिलं. परत घाला."

"तिथे आता विमान आहे, मॅडम."

"विमान काढा. परवाना फाडून टाकते."

"परवाना फाडल्याने जागा मोकळी होत नाही. नव्याने शिकायला जाल, तर बोटांवर दर वेळी विमान चढून बसेल. दहा-बारा वर्षांत थोडंफार जमेल कदाचित. मात्र पाडण्यापूर्वी आम्ही प्रत्येक ठसा वाचून ठेवतो. तुमचा आहे आमच्याकडे. तुम्ही संमती दिलीत, तर दुसऱ्या कुणाच्या तरी हातात घालता येईल."

रेवतीने फोन बंद केला. वहिनी दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

"माझ्यात घाला म्हनावं," ती म्हणाली.

"वहिनी, तुझं काहीतरी जाईल."

"घुंगरं जोडायचं जाईल. जाऊंदे. डोळं तरी कुठं ऱ्हायल्यात आता." वहिनी पदराशी चाळा करत राहिली. "पंधरा वर्सं डबा देतीया. मानूस काय म्हनतंय ते एकदा तरी कळू दे की मला. असंच गप बसून मरंल ते, रेवती."

रेवतीने संमतीच्या कागदावर सही केली. या वेळी तिने तो तीनदा वाचला.

*

वहिनी महिन्याने परत आली. पडवीत आप्पांच्या समोर पाट घेऊन बसली, आणि पदर खोचून दोन्ही हात उचलले.

आप्पा आधी नुसते बघत राहिले. मग दचकून उभे राहिले. वहिनीने काय म्हटलं ते रेवतीला कळलं नाही. पण डावी करंगळी वाकडी धरून म्हटलं, एवढं दिसलं. लहानपणी झोपाळ्यावरून पडून रेवतीची डावी करंगळी मोडली होती. वहिनीची चांगली सरळ होती.

आप्पांनी ते हात धरले आणि आपल्या डोळ्यांवर दाबले. खांदे गदगदून हलत होते. मग दोन महिने खिशात कोंडलेले त्यांचे हात सुटले. दोघं बोलत राहिली, हसत राहिली, एकमेकांच्या मनगटावर चापट्या मारत राहिली. रेवती आत गेली, चहा केला, बाहेर आणून ठेवला. दोघांचा चहा गार झाला.

"वहिनी, त्यांना सांग. काय झालं ते सगळं सांग."

वहिनीने सांगितलं. बराच वेळ लागला. आप्पांनी रेवतीकडे पाहिलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि वहिनीकडे वळून काहीतरी म्हणाले.

"काय म्हणाले?"

"म्हनले, वंगाळ झालं." वहिनी अडखळली. "म्हनले, पोरगी गुणाची हाय. तिला जेवायला वाढ."

मग रेवतीने ढग सांगितले. शपथ होती. पांढरं माळरान, ढगांवर ढगांच्याच सावल्या, विमानाच्या सावलीभोवतीचं कडं. ती तोंडाने सांगत होती आणि वहिनी हातांनी. आप्पांचे डोळे वहिनीच्या हातांवरून हलले नाहीत. हलणार कसे? ऐकायचं तर तिथेच बघावं लागतं. कड्याशी आल्यावर त्यांचा चेहरा उजळला, आणि ते उजळलेपण त्यांनी वहिनीला दिलं. रेवती त्यांच्या गालाकडे पाहत बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिचं पहिलं उड्डाण होतं, कोल्हापूरहून. गणवेश घालून ती पडवीत आली. वहिनी अंगणात दोरीवर कपडे वाळत घालत होती, पाठमोरी. आप्पांनी खांबावर थाप मारली, वहिनी वळली, आणि त्यांनी कॉलरपाशी दोन बोटांनी टिचकी मारली.

"वहिनी, त्यांचं बटण बघ गं," रेवती म्हणाली. "मी आले त्या दिवशीपण सारखं त्यालाच हात लावत होते. रुततंय वाटतं."

वहिनीच्या हातातल्या ओल्या साडीचं पाणी पायांवर गळत होतं.

"बटन न्हाई ते."

"मग?"

"हाक मारत्यात."

"तुला? हे तुझं नाव आहे?" रेवतीला हसू आलं. "कधी ठेवलं?"

"ठेवलं न्हाई." वहिनीने मान खाली घातली. "तिथनं आल्यापासनं ते बघितलं की आतनं वाटतंय, मलाच बोलावत्यात. लहानपनापासनंच माझं असल्यागत वाटतंय. मी वळती, म्हनून तेबी आता मला तसंच बोलावत्यात. माझ्यात कुठनं आलं ते... तुला ठाव हाय, रेवती."

रेवती दारात उभी होती. याच दारात तो म्हातारा तिला पुन्हा पुन्हा हाक मारत होता, आणि तिने त्याचं बटण लावून दिलं होतं.

आप्पांनी परत टिचकी मारली, जरा अधीर होऊन. आले की, असं वहिनीने वाकड्या करंगळीच्या हाताने सांगितलं आणि साडी तशीच दोरीवर टाकून त्यांच्याकडे गेली.

रेवतीने दोन बोटं आपल्या कॉलरपाशी नेली. टिचकी नीट बसेना; बोटं बटणावरच घुटमळली. तिने पुन्हा करून पाहिलं. आप्पा तिकडे पाहत नव्हते.

बाहेर गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. तिने बटण लावलं, टोपी घेतली आणि पायऱ्या उतरली.